छायाचित्राखालची ओळ : डेव्हिड गोल्डब्लाट यांच्या छायाचित्रणातील सत्ता आणि ओळख

डेव्हिड गोल्डब्लाट यांच्या 1964 सालच्या एका छायाचित्रापासून प्रस्तुत विवेचनास आरंभ करणे सोयीचे होईल. एक गोरा शेतकरीपुत्र उभा आहे. वय जेमतेम शाळकरी. त्याच्याजवळ जमिनीवर त्याची कृष्णवर्णीय आया बसलेली आहे, तीही पुरती वयात आलेली नाही. मुलाचा हात तिच्या खांद्यावर विसावला आहे आणि तिची बोटे मुलाच्या पायाशी सहजपणे टेकली आहेत. पाठीमागे काटेरी तारेचे कुंपण आहे. चित्राखालच्या ओळीत शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याची आया एवढा उल्लेख येतो. मग शेताचे नाव, नजीकच्या गावाचे नाव, प्रांत आणि साल. शेताचे नाव हाइमवेबर्ग, गावाचे नीटफर्डींट. आफ्रिकान्स भाषेच्या जाणकारास येथे थबकावे लागते, कारण पहिल्या नावाचा अर्थ होतो 'घरच्या ओढीचा डोंगर' आणि दुसऱ्याचा 'न कमावलेले', 'पात्रतेवाचून मिळालेले'. यांपैकी एकही शब्द छायाचित्रकाराने योजलेला नाही. नावे नकाशावर होती. त्याने ती वगळली नाहीत, इतकेच.

'इतकेच' या शब्दातच गोल्डब्लाट यांच्या पाच दशकांहून अधिक काळाच्या कामाचे मर्म साठवलेले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. छायाचित्र ही दृक्‌कलेच्या अभ्यासकांची मिरास मानली जाते, आणि मराठी विभागाच्या पत्रिकेत तिचा विचार कशासाठी, अशी शंका कोणी घेतल्यास ती अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु गोल्डब्लाट यांच्या बाबतीत चित्र आणि त्याखालची ओळ मिळून एक संहिता सिद्ध होते. ही ओळ माहितीची चिठ्ठी नसते. तिला स्वतःचे व्याकरण आहे, कर्ता-कर्माची निवड आहे आणि मौनही आहे. साहित्याच्या अभ्यासकाला येथे काम आहे.

गोल्डब्लाट यांचा जन्म 1930 साली जोहान्सबर्गच्या पश्चिमेस रँडफोंटेन या सोन्याच्या खाणींच्या गावी झाला. आजी-आजोबा लिथुआनियातून छळ चुकवून आलेले ज्यू. वडिलांचे पुरुषांच्या कपड्यांचे दुकान होते, आणि तरुण डेव्हिडने तेथे गल्ल्यामागे उभे राहून आफ्रिकानेर शेतकऱ्यांना व खाणकामगारांना कपडे विकले. पुढे वडिलांच्या निधनानंतर दुकान विकून 1963 मध्ये त्यांनी पूर्णवेळ छायाचित्रण पत्करले. दुकानाचा हा तपशील केवळ चरित्रात्मक नाही. 1948 साली सत्तेवर आलेला राष्ट्रीय पक्ष ज्यांच्या मतांवर उभा होता ती माणसे त्यांना गिऱ्हाईक म्हणून, शेजारी म्हणून ठाऊक होती; त्यांच्यातला वंशाभिमान ठाऊक होता आणि अगत्यही. गोरेपणाचे सगळे लाभ आपल्यालाही मिळतात, तरीही आपण पुरते त्यांच्यातले नाही, ही दुहेरी जाणीव 'सम आफ्रिकानर्स फोटोग्राफ्ड' (1975) या ग्रंथात पानोपानी आढळते. शत्रूचे चित्रण करताना व्यंगचित्राकडे घसरणे सोपे असते, आणि आप्तांचे चित्रण करताना गौरवाकडे. या ग्रंथात दोन्ही घडत नाही. त्यामुळेच अनेक आफ्रिकानेर वाचकांना तो झोंबला असावा. व्यंगचित्र म्हणून तो झटकून टाकण्याची सोय त्यांना उरली नव्हती.

वर्णभेदाची राजवट मुळात नामकरणाची राजवट होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल. 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाला गोरा, मिश्रवर्णीय किंवा 'नेटिव्ह' या कप्प्यांत टाकले. पुढे भारतीय हाही स्वतंत्र कप्पा ठरला. त्याच सालच्या समूह क्षेत्र कायद्याने कोणत्या नावाच्या माणसाने कोठे राहायचे ते ठरवले. आधी ओळख, मग जागा. खाणींतील परिभाषा तर याहून बोलकी आहे. कृष्णवर्णीय कामगारांच्या टोळीवरील मुकादमास 'बॉस बॉय' म्हणत. दोन शब्दांच्या या पदनामात पहिला शब्द अधिकार देतो आणि दुसरा तो तत्क्षणी काढून घेतो. माणूस साहेबही नाही आणि वयाने प्रौढ होण्याची मुभाही त्याला नाही. 1966 साली रँडफोंटेनच्या खाणीत टिपलेल्या एका छायाचित्राला गोल्डब्लाट यांनी हेच पदनाम शीर्षक म्हणून दिले आहे. नेडिन गॉर्डिमर यांच्या निबंधासह निघालेल्या 'ऑन द माइन्स' (1973) मध्ये खाणींचा हा सारा प्रदेश येतो. गॉर्डिमरही अशाच एका खाणगावात, स्प्रिंग्ज येथे, वाढलेल्या. पुढे 1986 मध्ये 'लाइफटाइम्स अंडर अपार्टहाइड' या ग्रंथात या दोघांचे शब्द आणि चित्रे पुन्हा शेजारी आली. त्या ग्रंथाविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. येथे विस्तार करीत नाही.

'इन बॉक्सबर्ग' (1982) हा ग्रंथ वरकरणी निरुपद्रवी आहे. 1979 व 1980 या दोन वर्षांत जोहान्सबर्गच्या पूर्वेकडील एका मध्यमवर्गीय गोऱ्या गावाचे हे चित्रण. हिरवळी, घरांचे ओटे, बॅले नृत्याचा नवा पोशाख घालून ओट्यावर उभी असलेली मुलगी, प्रार्थनासभा, बाजार. 28 जून 1980 रोजी एका मोठ्या बाजारदुकानात भरलेल्या 'सुंदर पाय' स्पर्धेच्या उपान्त्य फेरीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. व्यासपीठावर पोहण्याच्या पोशाखातील गोऱ्या तरुणी ओळीने उभ्या आहेत आणि पाहणाऱ्या गर्दीत गोऱ्यांबरोबर कृष्णवर्णीय स्त्रिया व मुलेही आहेत. खरेदीला आलेल्यांच्या पैशाला वर्ण नसतो. परंतु व्यासपीठाला असतो. खालची ओळ याविषयी चकार शब्द काढीत नाही. ती शनिवार सकाळ, दुकान, स्पर्धा, फेरी, तारीख इतके सांगून थांबते. हा संयम की चातुर्य, असा प्रश्न विचारता येईल. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मोजमाप करणाऱ्याचा संयम आहे. ज्या समाजात अन्याय हीच दिनचर्या झाली आहे तेथे दिनचर्येची अचूक नोंद हीच अन्यायाची नोंद ठरते.

या मुद्द्याचा संबंध दक्षिण आफ्रिकेतील एका मोठ्या वाङ्मयीन वादाशी आहे. न्जाबुलो न्देबेले यांनी 1984 मध्ये दिलेल्या आणि 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले होते की, प्रतिकाराचे साहित्य अत्याचाराच्या देखाव्यात अडकले असून सामान्य जीवनाचे आंतरिक तपशील त्याच्या हातून निसटत आहेत. 1989 मध्ये आल्बी सॅक्स यांनी, संस्कृती हे लढ्याचे शस्त्र आहे असे म्हणण्यावर काही काळ बंदीच घालावी, अशी काहीशी मिश्कील सूचना आपल्याच पक्षबांधवांपुढे मांडली. छायाचित्रणातही हाच पेच होता. 1982 मध्ये स्थापन झालेल्या 'अफ्रापिक्स' या गटाचे छायाचित्रकार मोर्चे, अंत्ययात्रा, गोळीबार यांचे चित्रण करीत होते, आणि ते निकडीचे होते. गोल्डब्लाट यांनी स्वतःला लढाऊ छायाचित्रकार कधी म्हणवून घेतले नाही. घटनेपेक्षा ज्या स्थितीतून घटना निपजते ती स्थिती टिपण्याकडे त्यांचा ओढा होता. ही भूमिका घेणे गोऱ्या माणसाला तुलनेने परवडणारे होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्याच्या दारात पोलीस येत नाहीत त्याला 'स्थिती'चे चिंतन करण्यास उसंत मिळते.

मात्र उसंतीचा हा आक्षेप 'द ट्रान्सपोर्टेड ऑफ क्वान्देबेले' (1989) या ग्रंथापुढे बराच सौम्य होतो. राजवटीने कृष्णवर्णीयांसाठी जी तथाकथित मायभूमींची क्षेत्रे आखली त्यांपैकी क्वान्देबेले हे एक; प्रिटोरियाच्या ईशान्येस. तेथे रोजगार नव्हता. रोजगार प्रिटोरियात, आणि तेथे राहण्यास मज्जाव. म्हणून माणसे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या बसगाड्यांतून पहाटे शहरात जात आणि रात्री परत येत. अगदी टोकाच्या वस्तीतल्यांना रोजचे आठ तासांपर्यंत बसमध्ये काढावे लागत. 1983-84 मध्ये, दारिद्र्याविषयीच्या दुसऱ्या कार्नेगी चौकशीसाठी, गोल्डब्लाट या बसगाड्यांतून फिरले. रात्री पावणेतीनला पहिले प्रवासी चढतात. काही वेळाने बस भरते, उभे राहायलाही दाटी होते, आणि माणसे झोपतात: बसल्या जागी, समोरच्या पाठीवर कपाळ टेकून, घोंगडीत तोंड लपवून. प्रकाश इतका मंद की चित्रांचे कण सुटे दिसतात. धावत्या गाडीचे हिसके चेहऱ्यांच्या कडांना लागलेले आहेत. एका परतीच्या प्रवासाच्या चित्राखाली, यांतील बहुतेकांचे हेच चक्र उद्या पहाटे दोन-तीनच्या सुमारास पुन्हा सुरू होईल, अशा आशयाची नोंद आहे.

येथील ओळींतला महत्त्वाचा घटक म्हणजे वेळ. एरवी गोल्डब्लाट तारीख देतात. या ग्रंथात ते घड्याळ देतात. सत्ता म्हणजे दुसऱ्याच्या देहावरचा आणि जागेवरचा अधिकार, हे आपण मानतोच. दुसऱ्याच्या झोपेवरचा अधिकार ही तिची परिसीमा. आणि हा अधिकार गाजवणारे कोणीही या चित्रांत दिसत नाही. पोलीस नाही, अधिकारी नाही, फलक नाही. फक्त बस आहे, आणि बस ही तर सोय आहे! दडपशाही सोयीचे रूप घेते तेव्हा तिचे चित्र काढणे अवघड होते. त्यासाठी त्या गाडीत चढून त्या वेळी जागे राहावे लागते.

आता व्याकरणाकडे वळू. आपल्याकडील वृत्तपत्री मराठीत 'झोपड्या हटवण्यात आल्या', 'बांधकामे पाडण्यात आली' अशी वाक्ये इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांतील कर्त्याची अनुपस्थिती खटकेनाशी झाली आहे. क्रिया घडते, करणारा मात्र वाक्याबाहेर हात धुऊन उभा असतो. गोल्डब्लाट यांच्या 11 ऑक्टोबर 1984 च्या केपटाउनमधील क्रॉसरोड्स येथील छायाचित्राशी याची तुलना करावी. उघड्यावर एक बिछाना आहे, त्यावर आई आणि मूल आहेत. छप्पर नाही, भिंती नाहीत. ओळ सांगते की ही माता व तिचे मूल आपल्या घरात आहेत, आणि त्या घराचा आडोसा पश्चिम केप विकास मंडळाच्या अधिकाऱ्यांनी नष्ट केला आहे. दोन गोष्टी लक्षणीय आहेत. कर्ता नावानिशी हजर आहे. आणि 'आपल्या घरात' हा शब्दप्रयोग भिंती गेल्यावरही कायम आहे. घर पडले, असे ओळ म्हणत नाही. आडोसा पडला, घर आहे, कारण त्या दोघी-दोघांनी ते धरून ठेवले आहे. मॅगोपा येथील चित्राचीही हीच रीत. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या त्या गावातील लोकांना 1984 मध्ये सक्तीने हलवले गेले. 1986 मध्ये आपल्या भुईसपाट घराच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थाचे चित्र गोल्डब्लाट यांनी घेतले. ओळीत त्यांचे नाव आहे, आणि घर कोणी, केव्हा पाडले याचाही स्पष्ट उच्चार आहे. अशा ओळी मराठीत आणू पाहणाऱ्या भाषांतरकाराचा हात आपसूक 'पाडण्यात आलेल्या' या रूपाकडे जाईल. तो आवरला पाहिजे. 'अधिकाऱ्यांनी पाडलेल्या' असे लिहिणे मराठीत कानाला थोडे आडमुठे वाटेल, पण हे आडमुठेपणच त्या ओळीचा प्राण आहे.

जोहान्सबर्गच्या पश्चिम भागातील फीटास, अधिकृत नाव पेजव्ह्यू, येथील मालिका भारतीय वाचकाला अधिक जवळची वाटेल. चौदाव्या रस्त्यावर भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांची कापडाची, किराण्याची दुकाने होती. दुकानामागे वा माडीवर राहती घरे. समूह क्षेत्र कायद्यान्वये ही वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर झाली. कुटुंबांना दूरच्या लेनेशियात आणि दुकानांना ओरिएंटल प्लाझा या नव्या संकुलात हलवण्याची योजना झाली. 1976-77 च्या सुमारास गोल्डब्लाट तेथे गेले. गल्ल्यामागे उभे असलेले दुकानदार, कापडाचे ताके, भिंतीवरच्या तसबिरी, आणि नंतर नुसते रस्ते व चौथरे. वडिलांच्या दुकानात गल्ल्यामागे उभे राहिलेला माणूस येथे गल्ल्याच्या पुढे उभा आहे, हे लक्षात घेतल्यास या चित्रांतील नजरेची समपातळी कोठून आली याचा थोडा उलगडा होतो.

'साउथ आफ्रिका : द स्ट्रक्चर ऑफ थिंग्ज देन' (1998) मध्ये माणसे मागे सरतात आणि वास्तू पुढे येतात. चर्च, स्मारके, वसाहती, कुंपणे. त्यातील 16 मे 1993 चे एक चित्र झाडांच्या गुंत्याचे आहे, दुसरे काही नाही. ओळ वाचल्याखेरीज ते चित्र मुकेच राहते. ओळ सांगते की 1660 साली पहिल्या युरोपीय वसाहतीतून मूळच्या खोईखोई लोकांना बाहेर ठेवण्यासाठी लावलेल्या कुंपणाचा हा अवशेष. रानटी बदामाची ती झाडे आज कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात वाढत आहेत. फांद्यांना आपण कशासाठी लावलो गेलो ते ठाऊक नसते. ते सांगण्याचे काम भाषेवर येते. 1964 च्या चित्रातील काटेरी तार आणि हे 1660 चे कुंपण यांच्यात तीनशेहून अधिक वर्षांचा इतिहास ताणलेला आहे.

आता मूळच्या आयेकडे परत गेले पाहिजे, कारण तिच्याविषयीचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. तिला नाव नाही. मुलालाही नाव नाही हे खरे. परंतु मुलाला बाप आहे, शेत आहे, आणि ती 'त्याची' आया आहे. षष्ठीच्या एका प्रत्ययाने तिची सगळी ओळख मुलाच्या मालकीची होते. इंग्रजीत हा प्रश्न काहीसा झाकला जातो. मराठीत झाकता येत नाही, कारण तिच्याविषयी पुढचे वाक्य लिहिताना 'ती' म्हणायचे की 'त्या', हे ठरवावेच लागते. प्रस्तुत लेखात आरंभी 'ती' हेच रूप योजले आहे. तिच्या कोवळ्या वयामुळे ते योजले असे म्हणता येईल. पण मराठी घरांत मोलकरणीसाठी वयाचा विचार न करता हेच रूप रूढ होते, हेही खरे. पीटर मागुबाने यांच्या 1956 च्या सुप्रसिद्ध चित्रातही 'फक्त युरोपियनांसाठी' अशा अक्षरांच्या बाकावर गोरी मुलगी आहे आणि मागल्या बाजूस बसलेली तिची दाई अनाम आहे. परंतु मागुबाने स्वतः कृष्णवर्णीय होते. त्या चित्रातील अनामिकता पाहणाऱ्याला जशी बोचते तशी गोल्डब्लाट यांच्या चित्रातील बोचेलच असे नाही.

अर्नेस्ट कोल यांचे उदाहरण याहून मार्मिक आहे. पासच्या जाचातून सुटण्यासाठी त्यांनी 'कोले' या आडनावाचे 'कोल' केले आणि स्वतःचे मिश्रवर्णीय म्हणून पुनर्वर्गीकरण करवून घेतले. राजवटीचे नामकरणाचे शस्त्र त्यांनी राजवटीवरच उलटवले. 1966 मध्ये त्यांनी देश सोडला, 1967 मध्ये त्यांचे 'हाउस ऑफ बाँडेज' परदेशात निघाले आणि दक्षिण आफ्रिकेत त्यावर बंदी आली. गोल्डब्लाट यांचे ग्रंथ देशात निघत राहिले. हा फरक गुणवत्तेचा नाही, वर्गीकरणाचा आहे. कोल यांच्याजवळ बसमध्ये पुन्हा पुन्हा चढण्याइतका काळच शिल्लक ठेवला गेला नव्हता.

गोल्डब्लाट यांना या विषमतेची जाणीव होती, असे त्यांच्या नंतरच्या कृतींवरून दिसते. 1989 मध्ये त्यांनी जोहान्सबर्ग येथे 'मार्केट फोटो वर्कशॉप' ही शिक्षणसंस्था स्थापन केली. प्रशिक्षणाची दारे ज्यांना बंद होती त्यांच्यासाठी ती मुख्यतः होती. शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींवरील मालिकेत ते त्या व्यक्तीला तिच्याच गुन्ह्याच्या स्थळी नेऊन चित्र घेत, तिला मोबदला देत आणि तिची हकीकत ऐकून ती चित्रासोबत मांडत. तेथे ओळ उरत नाही, तिचे निवेदन होते. इव्हान व्लादिस्लाविच यांची 'डबल निगेटिव्ह' (2010) ही कादंबरी गोल्डब्लाट यांच्या जोहान्सबर्गच्या चित्रसंग्रहासोबत प्रसिद्ध झाली. तीत एक तरुण एका ज्येष्ठ छायाचित्रकाराबरोबर एक दिवस घालवतो. टेकडीवरून तीन घरे निवडली जातात, दोन पाहून होतात आणि प्रकाश सरल्याने तिसरे राहून जाते. पुढे अनेक वर्षांनी तो तरुण त्या तिसऱ्या दाराशी जातो. छायाचित्रकाराने न पाहिलेल्याची ही कादंबरी आहे, आणि गोल्डब्लाट यांच्यावरील आजवरच्या समीक्षेपेक्षा ती अधिक मर्मग्राही आहे असे म्हणण्याचे धाडस करावेसे वाटते.

1994 नंतरची सत्ताही त्यांनी त्याच नजरेने पाहिली. शासकीय माहितीच्या गोपनीयतेविषयीच्या विधेयकाच्या निषेधार्थ त्यांनी 2011 मध्ये राष्ट्रीय सन्मान नाकारला. 2016 च्या फेब्रुवारीत केपटाउन विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या निवासाचा प्रश्न तीव्र झाला. विद्यार्थ्यांनी आवारात पत्र्याची झोपडी उभारली. प्रशासनाने ती हलवली, आणि त्या क्षोभात काही चित्रे जाळली गेली. त्यानंतर विद्यापीठाने इतर काही कलाकृतीही भिंतींवरून उतरवल्या. मतभेद वादविवादाने सोडवावेत, कलाकृती जाळून वा झाकून नव्हे, या भूमिकेतून गोल्डब्लाट यांनी आपला संग्रह तेथून काढून 2017 मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे सोपवला. तत्त्वतः त्यांची बाजू योग्य होती. तरीही क्रॉसरोड्सच्या बिछान्याचे चित्र घेणाऱ्याच्या संग्रहाने एका झोपडीच्या प्रश्नावरून समुद्रापलीकडे जावे, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही. 25 जून 2018 रोजी जोहान्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

मार्केट फोटो वर्कशॉप मात्र जोहान्सबर्गमध्येच राहिली. झनेले मुहोली यांचे शिक्षण तेथलेच. 2006 पासून मुहोली यांनी 'फेसेस अँड फेझेस' ही कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रियांची आणि पारलिंगी व्यक्तींची व्यक्तिचित्रमाला चालवली आहे. चित्रातील माणसांना त्या 'विषय' म्हणत नाहीत, सहभागी म्हणतात. प्रत्येक चित्राखाली गोल्डब्लाट यांच्याप्रमाणेच स्थळ आणि साल असते. परंतु त्याआधी, ओळीच्या आरंभी, त्या व्यक्तीचे संपूर्ण नाव येते. ही चित्रे भिंतीवर रांगांनी मांडली जातात, आणि जी माणसे या काळात मृत्यू पावली किंवा मारली गेली त्यांच्यासाठी रांगांत काही जागा मोकळ्या सोडलेल्या असतात.